मी शेंगापोळी खाल्ली नव्हती

सोमवार, १० फेब्रुवारी. पोट साफ करण्याचा दिवस. सोलापूर. हॉस्पिटलचा दुसरा मजला, दोन कॉटची खोली.

हजर: मी. आमचे हे. मुलगी ऋतुजा. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. सकाळच्या एसटीने माढ्याहून आलेल्या. शेजारच्या कॉटवर सांगोल्याकडच्या पारूबाई आणि त्यांचे मालक. दुपारी दोननंतर ड्युटीवर आलेल्या सिस्टर.

ही यादी मी त्याच दिवशी वहीत लिहिली. माझी सवय आहे. मी एका टॉवेल कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळते. कुठल्या पाळीला कोण हजर होतं हे लिहिलेलं नसलं, की डाग पडलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी कुणाच्याच हातून गेलेला नसतो. म्हणून मी जाईन तिथे आधी हजेरी लिहिते.

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ज्यांचं ठरलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. काही सूचना उपयोगी पडतील. पण खरं कारण आधीच सांगून टाकते. वरच्या यादीतल्या एका माणसाला माझ्याबद्दलची खरी गोष्ट माहीत होती. मी सगळ्यांपुढे खोटी ठरत असताना तो माणूस गप्प बसला. माझं आतडं आता बरं आहे. ते गप्प बसणं मी विसरलेली नाही आणि विसरायचा बेतही नाही.

निदान

आधी तीन-साडेतीन महिने शौचातून रक्त जात होतं. मी मूळव्याध धरून चालले. वय बावन्न, दिवसभर उभं राहायचं काम, तिखट खाणं, सगळं जुळत होतं. मेडिकलमधून मलम आणायचं आणि रक्त दिसलं त्या दिवशी कॅलेंडरवर टिंब करायचं, एवढंच चाललं होतं. डिसेंबरच्या पानावर टिंब नसलेले दिवस कमी उरले तेव्हा डॉक्टरांकडे गेले. तुम्ही टिंबं करत बसू नका.

दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आठवड्याने बोलावलं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि डाव्या बाजूला खाली फुली मारली.

"इथे गाठ आहे. कॅन्सरची आहे. पण पसरलेली नाही. एवढा तुकडा काढायचा आणि दोन टोकं जोडायची."

यांनी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी टाकावी लागेल?"

हे शाळेत गणित शिकवतात. काहीतरी विचारायला हवं होतं आणि यांना ते सुचलं, हे आज मला कळतं. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: "पहिला प्रश्न, सुट्टी." ते पान अजून आहे.

केबिनमध्ये मी रडले नाही. रिक्षात रडले, सात रस्ता चौकापासून घरापर्यंत. रिक्षावाल्याने मागे वळून न बघता गाणं बंद केलं. त्या आठवड्यात माझ्यासाठी कुणी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

दोन लिटर

ऑपरेशनच्या आधी आतडं रिकामं आणि धुतलेलं लागतं. तीन दिवस आधीपासून भाकरी बंद, पालेभाज्या बंद, शेंगदाणा तर डोळ्यांपुढेही नको. सोलापुरात राहून शेंगाचटणीशिवाय तीन दिवस काढले. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं पातळ: नारळपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, कोरा चहा. मग दुपारी तीनपासून ते औषध. लिंबाच्या चवीची पावडर, दोन लिटर पाण्यात. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, एकूण दहा.

मी घरून दुधाची झाकणाची स्टीलची किटली नेली होती. त्यात औषध कालवलं आणि थंड राहावं म्हणून किटलीला ओला टॉवेल गुंडाळला. ज्यांना हे प्यायचं आहे त्यांना सांगते: थंड असेल तरच प्या. घोट घोट नको, डोळे मिटून एका दमात. मध्ये लिंबाची फोड हुंगा. पुसायला कागद घेऊ नका, जुन्या मऊ टॉवेलचे तुकडे ओले करून ठेवा. खोबरेल तेल आधी लावा, आग व्हायला लागल्यावर नव्हे. नाडीचा कपडा घालू नका. मी घातला होता. एकदाच.

अक्का साडेअकराला आल्या. फडक्यात सहा शेंगापोळ्या, यांच्यासाठी आणि ऋतुजासाठी. आणि कागदाच्या पुडीत खंडोबाचा भंडारा.

"सुनंदा, आ कर. चिमूटभर घालते तोंडात."

"अक्का, आज तोंडात पाण्याशिवाय काही नाही."

"देवाचं हाय गं."

"देवाचंही नाही. कपाळाला लावा."

"कपाळाला तर परक्याच्या पण लावत्यात," असं पुटपुटत त्यांनी लावला. पारूबाई त्यांच्या कॉटवरून हसल्या. त्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, चौथा दिवस होता, आणि हसताना त्या दोन्ही हातांनी पोट धरत होत्या. "तुमची जाव बरी हाय," त्या म्हणाल्या. "माझी आली आन् माझी बिस्किटं खाऊन गेली."

हे आणि ऋतुजा माझ्यासमोर शेंगापोळ्या खात होते. मी म्हटलं, बाहेर जाऊन खा. हे म्हणाले, "वासानं काही होत नाही." मी वेळ लिहिली: बारा दहा.

तीनला सुरुवात केली. पाचव्या ग्लासनंतर पोट सुटलं आणि पुढचा सगळा वेळ मी कॉट आणि संडास यांच्यामध्ये होते. प्रत्येक ग्लासची वेळ लिहिली, प्रत्येक फेरीची वेळ लिहिली. चौदा फेऱ्या. शेवटच्या ग्लासपुढे माझी नोंद अशी आहे: "तळाला पिवळा साका. पावडर नीट विरघळली नाही? मेडिकलला विचारणे."

आठ वाजता सिस्टर भांडं बघायला आल्या. शेवटी नितळ पाणी यायला हवं असतं. माझं गडद पिवळं होतं आणि तळाला काहीतरी बसलेलं होतं.

"काकू, अजून साका येतोय. काही खाल्लंत का?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात."

त्यांनी लॉकरवरचं पोळ्यांचं फडकं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अक्का स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी ते फडकं उचलून घडी घातली, उलगडली, परत घातली. मला वाटलं, घाबरल्या असतील, खेडेगावातल्या बाईला हॉस्पिटलची सवय नसते. सकाळी सिस्टरनी एनिमा दिला आणि मला आत नेलं.

वारा

ऑपरेशन नीट झालं. नंतरचे चार दिवस सगळ्या जगाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. सकाळी झाडू मारणाऱ्या मावशी विचारायच्या, "सरला का वारा?" राउंडला डॉक्टर विचारायचे. हे शाळेतून फोन करून विचारायचे, आणि मागे स्टाफरूममध्ये माणसं बोलताना ऐकू यायची. चौथ्या दिवशी दुपारी सरला. पारूबाईंनी टाळी वाजवली आणि मालकांना म्हणाल्या, "पेढं आणा की!" आतडं चालू झालं की हीच पहिली खूण असते. त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने अर्धा कप चहा प्यायले.

पाचव्या दिवशी ताप आला. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं झालं. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत आधी लालसर पाणी यायचं, ते आता तपकिरी येऊ लागलं आणि त्याला वास होता. मी तो वास ओळखला. कुणी सांगायची गरज नव्हती. जोडलेली जागा गळत होती.

तीन वाजता परत आत. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती आणि पोटाच्या उजव्या बाजूला चिकटवलेली पिशवी. आतड्याचा वरचा भाग बाहेर काढला होता, खालचा जोड भरून येईपर्यंत. माझं शौच आता त्या पिशवीत येणार होतं, किमान तीन महिने.

सहावी पोळी

दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसरा दिवस. हजर: हे, ऋतुजा, दारात थर्मास घेऊन अक्का. पारूबाईंना माझ्या दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच घरी सोडलं होतं.

हे खुर्ची कॉटजवळ ओढून बसले. "एक विचारू? रागावू नकोस."

मी मान हलवली.

"डॉक्टर म्हणाले, पोट साफ नव्हतं. पेशंटनं काहीतरी खाल्लं असावं असं केसपेपरवर लिहिलंय. मी मोजलं. पोळ्या सहा होत्या. मी तीन खाल्ल्या. ऋतुजानं दोन. सहावी कुठं गेली?"

घसा सोलून निघाल्यासारखा होता. मी म्हटलं, "मी खाल्ली नाही."

"तसं नाही गं. भूक लागली असेल, तीन दिवस उपाशी…"

"मी खाल्ली नाही."

ऋतुजाने माझा हात धरला. "आई, खाल्ली असशील तरी काही नाही. कुणी रागावणार नाही तुझ्यावर."

दोन ऑपरेशनं झाली, पण या आजारपणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. तिचा विश्वास बसला नव्हता, म्हणूनच तर ती इतकी प्रेमळ झाली होती.

अक्का आत आल्या. थर्मास ठेवला आणि म्हणाल्या, "चहा घ्या भावजी, निवंल."

चार दिवसांत गोष्ट बार्शीपर्यंत पोचली. सगळ्या नातेवाइकांचे फोन एकाच वळणाचे. आधी "कशी आहेस", मग थोडं थांबून, "म्हणे शेंगापोळी खाल्लीस?" यांची एक चुलत बहीण तर म्हणाली, "वैनी, एक दिवस तोंड बांधायला नको होतं का?" मी फोन ऋतुजाकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला कॅन्सर झाला होता आणि लोक मला खादाड म्हणत होते.

पिशवी

घरी आल्यावर पहिल्या दिवशी यांनी पिशवी बदलायचा प्रयत्न केला. मधेच उठून बेसिनकडे गेले. ऋतुजाने केला, तिचे हात इतके थरथरत होते की पिशवी तिरकी बसली आणि तासात गळाली. तिसऱ्या दिवशी अक्का बाह्या सारून बसल्या.

"सरा बाजूला. माणसाचंच हाय की. म्हशींचं आयुष्यभर काढलंय, हिचं काय लई जड हाय व्हय?"

मी हसले आणि टाके ओढले गेले.

अक्का एप्रिलच्या शेवटापर्यंत राहिल्या. मागे माढ्याला त्यांचं घर, जनावरं, नवरा, मुलगा, सगळं सोडून. पिशवीभोवतीची कातडी सोलून लाल झाली होती, कोमट पाण्याचा थेंब पडला तरी मी ओरडायचे. त्या मऊ टॉवेलच्या तुकड्याने दाबून टिपायच्या, पुसायच्या नाहीत. पावडर टाकायच्या, फुंकायच्या, पिशवीचं भोक कात्रीने बरोबर मापाचं कापायच्या. नर्सने दाखवलं होतं त्यापेक्षा नीट. पिशवीवाल्यांसाठी सूचना: भोक जखमेपेक्षा जेमतेम मोठं कापा. सकाळी काही खायच्या आधी बदला, तेव्हा कमी वाहतं. आणि ज्याचा हात हलका असेल त्याच्याकडूनच करून घ्या, मग तो कुणीही असो.

पारूबाई

मार्चच्या मध्यात तपासणीला गेले. अक्का घरी स्वयंपाक करत होत्या, हे रांगेत नंबर लावायला गेले होते. बाकावर पारूबाई भेटल्या.

"आता वं बाई! तुमास्नी बगून लई बरं वाटलं. आमी ऐकलं, परत कापलं म्हनं."

"हो. जोड गळला."

"देवानं वाचवलं. जावंनं भंडारा घातला ते कामी आलं बगा."

"कपाळाला लावला होता, हो."

"कपाळाला न्हाय वं. त्या औषिदात. किटलीत." त्यांनी झाकण उघडून चिमूट सोडल्यासारखा हात केला. "तुमी संडासला गेलता तवा. चांगली दोन-तीन चिमटी घातली आन् चमच्यानं हलीवलं. आमच्या मालकानं बगितलं, तर त्यास्नी एक शेंगापोळी दिली, म्हनली बोलू नगा, ती चिडंल. मला वाटलं मागनं सांगितलं आसंल तुमास्नी. न्हाय सांगितलं?"

मी म्हटलं, "सांगितलं."

का खोटं बोलले ते मला सांगता येणार नाही. बहुधा ही गोष्ट अक्कांच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला कळली, हे पारूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. पिवळा साका. गडद पाणी. सहावी पोळी. वहीत सगळं होतं, वेळेसकट. फक्त घालणारा हात मी लिहिलेला नव्हता, कारण मी तेव्हा संडासात होते.

घरी आले. अक्कांनी विचारलं, "काय म्हनले डाक्टर?" मी म्हटलं, "बरं आहे." त्या पिशवी बदलायला बसल्या. त्यांच्या डोक्यावरचा भांग माझ्या हनुवटीखाली होता. तेव्हाच विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि त्याचं कारण मोठेपणा नव्हे. कातडी अजून भरली नव्हती. भांडण झालं असतं तर त्या संध्याकाळच्या एसटीने गेल्या असत्या आणि माझी पिशवी तिरकी बसली असती. मी यादीत लिहिलं: "अक्कांशी बोलणे, कातडी भरल्यावर."

सहा आठवडे मी त्यांच्या हातून सेवा घेतली आणि रोज मनात त्यांना उभं करून सगळ्यांसमोर बोलायला लावलं. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

फाईल

अक्कांची पाळी यायची होती; त्याआधी हॉस्पिटल. मी केसपेपरची नक्कल मागितली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निवासी डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत, घन आहार घेतल्याचा संशय. हे निवासी डॉक्टर त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. वहीत त्यांची नोंद आहे: "६.५०, आले, फाईल बघितली, गेले."

वही घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे बसले. आधी एक प्रश्न विचारला. "समजा औषधाच्या पाण्यात चुकून हळद पडली. तर जोड गळेल का?"

ते हसले. "हळदीनं आतडं सुटत नाही हो. रंग बदलेल, आम्हाला साफ झालंय की नाही ते कळणार नाही. जोड गळतो तो सगळं नीट केलं तरी कधी कधी गळतो. कुणाचीच चूक नसते."

"मग माझी चूक असं का लिहिलं?"

त्यांनी ओळ वाचली. निवासी डॉक्टरांना बोलावलं. सव्वीस-सत्तावीसचा मुलगा, डोळ्यांखाली काळं.

मी विचारलं, "तुम्ही मला विचारलं होतं?"

"सिस्टरच्या नोटवरून…"

"मला विचारलं होतं?"

"नाही."

मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, लिहिलेलं खोडता येत नाही. खाली नवी नोंद जोडता येते. पण आता त्यानं काय फरक पडणार आहे?"

"मला पडतो. जोडा."

त्या मुलाने लिहिलं: रुग्णाच्या वेळेनुसार ठेवलेल्या नोंदीप्रमाणे घन आहार घेतलेला नाही, आधीची नोंद रुग्णाला न विचारता केली होती. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग मराठीत सांगायला लावलं. दारात पुढचा पेशंट उभा होता, त्यानेही ऐकलं. मला बरं वाटलं. बाहेर आल्यावरही बरंच वाटत होतं.

हळदीचं नाव मी नोंदीत येऊ दिलं नाही. ते कागदावर नको होतं मला.

रात्रीच्या जेवणाला नक्कल यांच्यापुढे ठेवली. यांनी पूर्ण वाचली, चष्मा काढला, "माझं चुकलं" म्हणाले. मनापासून म्हणाले. मग भात कालवता कालवता थांबले. "पण मग सहावी पोळी…?"

अक्का वरण वाढत होत्या. डाव हलला नाही, सांडलं नाही. "भावजी, वरण घेता का अजून?"

मी सांगू शकले असते. पण माझ्या तोंडून गेलं असतं तर ती आजारी बाईची जावेविरुद्ध तक्रार झाली असती. ते त्यांच्या तोंडून यायला हवं. माझ्या नवऱ्यासमोर. बाकी काही नको मला.

साखरपुडा

जूनमध्ये तिसरं ऑपरेशन झालं. आतडं आत गेलं, पिशवी गेली. यावेळी दोन लिटर प्यायचे नव्हते. आठव्या दिवशी घरी आले. कातडी भरली.

श्रावण संपल्यावर अक्कांच्या मुलाचा साखरपुडा माढ्याला होता. सगळे जमणार होते आणि मी ठरवून गेले होते. पंगतीत अक्का स्वतः वाढत होत्या. माझ्या पानाशी येऊन म्हणाल्या, "सुनंदाला आग्रह करू नका कुणी, तिला पथ्य हाय."

शेजारून ती बार्शीची चुलत नणंद बोलली, "व्हय बाई, जपा. मागच्या वेळी एका पोळीनं केवढं रामायण झालं."

चार-पाच जणी हसल्या. मी हात धुवायला उठले आणि अक्कांना मागच्या पडवीत गाठलं.

"अक्का, सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. मला माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. किंवा आधीच कळलं होतं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"मार्चपासून."

त्या भिंतीला टेकल्या. मार्च, मग एप्रिल, त्यांच्या तोंडावर ते महिने जाताना दिसले. "आन् तू माझ्याकडनं सगळं करून घेतलंस."

"घेतलं."

"सुनंदा, मला वाटलं माज्या हातानं तुजं आतडं फाटलं. ते मला बोलायलाच येईना गं."

डॉक्टर काय म्हणाले ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. हळदीने आतडं फाटत नाही, एवढं एकच वाक्य. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. त्या यांच्यासमोर बोलल्या की त्याच मिनिटाला सांगेन.

"आज नगं," त्या म्हणाल्या. "आज पोराचा दिवस हाय. मंगळवारी येते सोलापूरला. भावजींपुढं सांगते."

मंगळवार

पहिल्या मंगळवारी त्या अकराच्या एसटीने आल्या. शाळा सुटून हे साडेपाचला येतात, अक्कांची गाडी साडेसहाला. मधला तासभर आम्ही तिघं चहा पितो. त्या दिवशी कांद्याचं बोलणं झालं.

दुसऱ्या मंगळवारी त्या परत आल्या. मी बोलावलं नव्हतं. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, एक सांगायचं व्हतं." यांनी मान वर केली. "पोराला सोलापुरातच कुटं नोकरी बघा की."

तिसऱ्या मंगळवारी त्यांना बस लागली होती, चेहरा उतरला होता. तरी आल्या. चौथ्याला पावटा निवडून दिला.

यांना वाटतं, आजारपणामुळे जावाजावांचं प्रेम वाढलं. शाळेत सांगतात म्हणे. मी आठवण करून देत नाही, टोमणा मारत नाही. दार उघडते, पाणी देते, साडेपाच वाजले की आधण ठेवते आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसते. साडेसहाला त्यांना रिक्षात बसवते. रिक्षात बसताना त्या म्हणतात, "पुढल्या मंगळवारी नक्की." मी म्हणते, "या."

उद्या पाचवा. यादी केली आहे. कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा सांगणे. दूध अर्धा लिटर जास्त. जिन्यातला बल्ब बदलणे. अक्कांनी यांच्यासमोर सांगणे.

पहिल्या तिन्हींवर खूण केली आहे.